भिंतीवरची कमलिनी

“काय वं कमलिनी, इतली पावडर? पाह्याले येऊन राहिले का तुले कोनी?”

अन्नपूर्णाबाईंनी दोन घरांमधल्या भिंतीवरून डोकं काढून विचारलं. कमलिनीबाई ओट्यावर आरसा टेकवून ओठ रंगवत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“फोटो काढाले चालली.”

“लग्नाचा?”

“तुमच्या दिराले विचारा. थेच घेऊन चालले.”

दीर, म्हणजे कमलिनीबाईंचे यजमान दयाराम, अंगणात स्कूटर पुसत होते. त्यांनी दोघींकडेही पाहिलं नाही. या दोन जावांच्या मधे नजर घालणं म्हणजे चालत्या पट्ट्यात बोट घालणं. एवढं शहाणपण त्यांना स्टील प्लांटमधल्या स्टोअरच्या नोकरीने दिलं नव्हतं, घराने दिलं होतं.

भिलाईतल्या मरोद्याच्या त्या गल्लीत कमलिनीबाईंच्या भांडणाला वेळ ठरलेली नसे, जागा मात्र ठरलेली होती: ही भिंत. भाजीवाला तिच्यासमोर गाडी लावत नसे. कोणी गळा कमावतं, तसं कमलिनीबाईंनी भांडण कमावलं होतं. आवाज कुठे चढवायचा, कुठे एकदम खाली आणून समोरच्याला पुढे झुकायला लावायचं, शेवटचा शब्द टाकून पदर केव्हा फिरवायचा, सगळं बेतलेलं. अन्नपूर्णाबाईंना ते कळत नव्हतं असं नाही. पण त्या प्रेक्षक म्हणून वाईट होत्या, मधेच बोलत.

कमलिनीबाईंचे वडील रेल्वेत गार्ड होते. नागपूरकडून बदली होऊन दुर्गला आले. तिथल्या रेल्वे कॉलनीच्या गणपतीत कमलिनी पहिल्यांदा स्टेजवर गेली ती हवालदार होऊन, कारण ते काम करणारा पोरगा ऐन वेळी तापाने आडवा झाला. पहिल्याच प्रवेशात मिशी सुटली. खालून कोणी तरी खिदळलं. पोरीने मिशी हातात घेतली आणि त्याला तिथूनच दरडावलं, “हासतो काय बे? मिशी पडली, दंडा नाई पडला!” मंडपभर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी पोरीचं डोकं कायमचं फिरवलं, असं तिची आई शेवटपर्यंत म्हणायची.

लग्न होऊन भिलाईला आल्यावर तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत कजाग सासू असली की वाचनच होत नसे. सरळ कमलिनीबाईंकडे निरोप येई. पुढे मंडळाची नाटकं आटली. मग त्या छत्तीसगढी सिनेमांत जायला लागल्या. मोहल्ल्यातली बाई, दवाखान्यातल्या रांगेतली बाई, पंचायतीत मागे बसलेली बाई. सगळ्या बाया मुक्या. दिग्दर्शक म्हणायचा, “आप बस रिएक्शन दीजिए.” पन्नाशी उलटली तरी पडद्यावर त्यांचा आवाज एकदाही उमटला नव्हता. त्यांना आता एवढंच हवं होतं. पडद्यावर तोंड उघडावं आणि त्यातून आपला आवाज बाहेर पडावा. मग वाक्य ‘दूध उतू गेलं’ एवढंच असलं तरी चालेल.

अलीकडे मुंबईची माणसं भिलाईत शूटिंगला यायला लागली होती. प्लांटची धुराडी, जुने क्वार्टर, लाल धुळीचे रस्ते त्यांना आयते मिळत. त्यांना स्थानिक नट पुरवायचं काम दुर्गचा एक माणूस करत असे. त्याला सगळे भय्याजी म्हणत. भय्याजीकडे ऑफिस नव्हतं. स्टेशनजवळची चहाची टपरी आणि दोन फोन होते. एका फोनमध्ये माणसं, दुसऱ्यात त्यांचे फोटो. मुंबईवाले माणसं पाहत नसत. फोटो पाहत, आणि त्यातून पंधरा जणांना बोलावत.

कमलिनीबाईंनी त्याला दोन फोटो पाठवले होते. एक भाच्याच्या लग्नातला, कापलेला. खांद्यावर कोणाचा तरी मेंदीचा हात तसाच राहिलेला. दुसरा सिव्हिक सेंटरच्या स्टुडिओतला, मागे गुलाबाची बाग, आणि चेहरा उकडून सोललेल्या अंड्यासारखा पांढरा. भय्याजीने टपरीवर पाच-सहा जणांसमोर तो फोटो मोठा करून दाखवला.

“आंटीजी, ये क्या है? करवाचौथ का विज्ञापन?”

माणसं हसली.

“चेहरा मायाच आहे,” कमलिनीबाई मराठीतच म्हणाल्या. राग आला की त्यांची हिंदी पळून जाई.

“चेहरा आपका है, पर फोटो में नहीं है. एक ढंग का हेडशॉट बनवाइए, फिर बात कीजिए. नहीं तो भीड़ में बैठिए, भीड़ में किसी का फोटो नहीं लगता.”

कमलिनीबाईंनी त्याला जे ऐकवलं ते टपरीवाल्याने पुढे आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवलं. पण घरी परतताना बसमध्ये त्यांनी ते दोन्ही फोटो पुन्हा काढून पाहिले. त्या माणसाचं खरं होतं आणि म्हणून तो जास्तच आवडेनासा झाला होता.

म्हणून आजची ही पावडर.

*

सुपेल्याच्या बाजारात, एका मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर अनुजाचा स्टुडिओ होता. अनुजा मंडळातल्याच एका घरची मुलगी. पुण्याला फोटोग्राफी शिकून आली होती, लग्नं घेत नसे. फक्त चेहरे काढी: नाचणाऱ्यांचे, गाणाऱ्यांचे, नटांचे. तिच्याकडे गुलाबाची बाग नव्हती. एक राखाडी कापड होतं, एक मोठी खिडकी आणि एक स्टूल.

तिने कमलिनीबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ओला रुमाल पुढे केला.

“लिपस्टिक पुसा, काकू.”

“कावून? वास येते का?”

“पावडर पण. डूल काढा. गळ्यातलं आत घाला. टिकली छोटी लावा.”

“अन् नाक-डोळे? थे पण काढून ठेवू का टेबलावर?”

“ते राहू द्या. त्यांचाच फोटो आहे.”

दयाराम कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पंख्याकडे पाहत होते. कमलिनीबाईंनी रुमाल घेतला, चेहरा खसाखसा पुसला आणि स्टुलावर बसल्या त्या लढाईला बसल्यासारख्या. अनुजाने कॅमेरा उचलताच त्यांनी भुवया चढवल्या.

“हे काय?”

“सासू.”

“मी सासू मागितली का?”

मग त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. मग मान तिरपी करून माया आणली. मग दात दाखवून आनंद. अनुजाने कॅमेरा खाली ठेवला.

“काकू, सगळं तुम्हीच करून दाखवलं तर बघणाऱ्याला काय उरलं? फोटो पाहून त्याला वाटलं पाहिजे, या बाईकडून मी हे करवून घेईन, ते करवून घेईन. तुम्ही दुकानातलं सगळं कापड फेकून ठेवता. घडी एक दाखवायची, बाकी त्याला मागू द्यायचं.”

“पुण्याची भाषा इथी नोको बोलू. मी स्टेजवर उभी झाली तेव्हा तुया बाप हाफपँटीत होता.”

“स्टेजवर शेवटच्या रांगेला दिसावं लागतं. इथे कॅमेरा तुमच्या नाकापासून हातभर आहे. ओरडताय कुणासाठी?”

“मी ओरडून राहिली?”

“चेहऱ्याने.”

असं बराच वेळ चाललं. कमलिनीबाई बोलत, जबडा हले, अनुजा कॅमेरा खाली ठेवी. शेवटी तिने खुर्ची ओढली, समोर बसली आणि हाताची घडी घातली. “बोलून घ्या. संपलं की सांगा.”

हे कमलिनीबाईंना नवीन होतं. अन्नपूर्णाबाई मधे बोलत, दयाराम उठून जात. ऐकत कोणी बसत नसे. त्यांनी अनुजाला बोलून घेतलं, तिच्या पुण्याला बोलून घेतलं, भय्याजीला, मुंबईला, सिव्हिक सेंटरच्या अंडेवाल्या स्टुडिओला. मग शब्द विरळ झाले. मग थांबले. खिडकीतून उन्हं गालावर आली होती. कमलिनीबाई दमून नुसत्या बसल्या होत्या आणि अनुजा केव्हा उठली, केव्हा बटण दाबलं, त्यांना कळलंही नाही.

तिने स्क्रीन वळवून दाखवली.

गळ्याच्या वळ्या होत्या. ओठाशेजारचा उकळत्या तेलाचा जुना डाग होता. केस जिथे पांढरे तिथे पांढरे. आणि डोळे असे, की त्यांनी सगळ्यांना सगळं माफ केलं आहे. इतकी शांत बाई आपल्या घरात राहते हे दयारामांनाही माहीत नव्हतं. ते उठून जवळ आले, चष्मा वर केला, पाहत राहिले.

“ही कोन वं?” त्यांनी विचारलं.

“तुमची बायको,” कमलिनीबाई म्हणाल्या. पण खात्री नसल्यासारख्या.

*

फोटो पाठवला आणि भय्याजीचा स्वतःहून फोन आला. आजवर तो फक्त उचलत असे, तोही तिसऱ्यांदा वाजल्यावर.

“आंटीजी, कमाल! डायरेक्टर साहब को बहुत पसंद आया. हीरो की माँ का रोल आपका. पक्का समझिए.”

“डायलॉग?”

“हीरो की माँ है आंटीजी, डायलॉग क्यों नहीं होगा?”

कमलिनीबाई सरळ भिंतीपाशी गेल्या. अन्नपूर्णाबाई पापड वाळत घालत होत्या.

“हिरोची माय,” कमलिनीबाई म्हणाल्या. “मुंबईची सिरीज. पूर्ण देशात दिसन.”

“हिरोची माय तं पहिल्याच सीनमंदी मरते.”

“मरन ना. पण बोलून मरन.”

अन्नपूर्णाबाईंनी मान खाली घालून पापड उलटवायला घेतले. तो दिवस कमलिनीबाईंनी सण मानला, गोड केलं.

मग वाट सुरू झाली. भय्याजी म्हणे, शेड्यूल पुढे गेलं. मग म्हणे, हिरोला ताप आला. मग फोन उचलेना. कमलिनीबाई हातात संवाद नसताना संवाद पाठ करत. आईने काय काय बोलावं ते स्वतःच ठरवून स्वयंपाकघरात म्हणत. कढईशी बोलत, दयारामांना मुलगा करत. “बेटा, खाना खा के जा,” असं त्या इतक्या पोटातून म्हणत, की दयाराम दोनदा जेवले.

एके दुपारी स्नेहलचा मेसेज आला. स्नेहल गल्लीतलीच पोरगी, शूटिंगवर मेकअपवाल्यांच्या हाताखाली लागली होती. तिने एक फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं: काकू, हे तुम्हीच ना? कुरुदच्या घरात शूटिंग चालू आहे.

फोटोत एक भिंत होती. भिंतीवर मोठी सोनेरी चौकट. चौकटीत कमलिनीबाई. आणि चौकटीला चंदनाचा हार.

कमलिनीबाईंनी फोन दयारामांसमोर धरला. दयारामांनी पाहिलं, तोंडातला घास गिळला आणि हात धुवायला उठले.

“चप्पल घाल,” ते म्हणाले.

“तुम्ही नोको म्हणसान असं वाटलं मले.”

“म्हणून पाहू का?”

“नोको.”

*

कुरुदच्या त्या घराला बाहेरून प्लांटच्या क्वार्टरचा रंग दिला होता. दारात वायरींचं जाळं पडलं होतं. दिव्यांच्या खांबाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कामगाराने ओठांवर बोट ठेवलं आणि छत्तीसगढीत, आईला सांगावं तसं म्हटलं, “दाई, शॉट चलत हे.” कमलिनीबाई त्याच्या शेजारीच थांबल्या. चालू प्रयोगात शिरायचं नाही, हा नियम त्या भांडणाच्याही वर मानत.

खोलीत हिरो भिंतीसमोर उभा होता. तरणाताठा, दाढी नीट विस्कटलेली. तो कमलिनीबाईंच्या फोटोकडे पाहून बोलत होता. लांबलचक बोलत होता. नोकरी गेल्याचं, बापाशी बोलणं तुटल्याचं, घर विकावं लागल्याचं. मग त्याने कपाळ चौकटीला टेकवलं आणि रडला. फोटोतली बाई त्याच्याकडे पाहत राहिली, त्याला माफ करत राहिली. खोलीतली सगळी माणसं श्वास धरून उभी होती.

कमलिनीबाईंना त्या बाईचा राग आला. एवढ्या वर्षांत कोणी आपल्यासमोर असं रडलं नाही. कॅमेरा आपल्यावर असा थांबला नाही. आणि ही हलत नाही, बोलत नाही, घाम गाळत नाही, तरी खोली हिच्या मुठीत.

“कट!”

“चुकीच्या जागी श्वास घेतला यानं,” कमलिनीबाई मोठ्याने म्हणाल्या.

सगळे वळले. भय्याजी एका खुर्चीत बसून नारळपाणी पीत होता. त्याने त्यांना पाहिलं आणि नळी तोंडातच राहिली. दिग्दर्शकाने, एका चष्मेवाल्या बारीक तरुणाने, आधी कमलिनीबाईंकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा कमलिनीबाईंकडे.

“ये… ये तो…” तो म्हणाला. “भय्याजी, आपने तो कहा था ये गुज़र चुकी हैं.”

भय्याजीने नारळ हळूच खुर्चीखाली ठेवला.

“असं म्हणला तू?” कमलिनीबाईंनी भय्याजीला विचारलं. आवाज खालचा होता. दयारामांनी नकळत एक पाऊल मागे घेतलं. हा आवाज त्यांना माहीत होता.

भय्याजी उठला. “आंटीजी, बाहर आइए, समझाता हूँ.”

“इथीच समजाव. मी मेलेली आहे. मेलेल्या बाईसमोर काहाची लाज?”

“अरे, तो क्या करता?” भय्याजीही चढला. “माँ का रोल पहले था. फिर स्क्रिप्ट बदल गई, माँ को मरा हुआ कर दिया. इनको फोटो वही चाहिए था. अब यहाँ दुर्ग-भिलाई में कोई ज़िंदा आदमी हार के लिए फोटो देता है क्या? आप देतीं? अपशकुन-अपशकुन करके सब भाग जाते हैं. इनको लिखा-पढ़ी चाहिए थी, तो मैंने बोल दिया, गुज़र गई हैं, घरवालों की परमिशन है.”

“कोणाची?”

हे दयाराम बोलले. कोणी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं तोवर.

“घरवालों की…”

“घरवाला मैं हूँ,” दयाराम म्हणाले. “मले कवा विचारलं रे? अँ? बायको मेली मायी, अन् मले पत्ता नाई?” उभ्या आयुष्यात त्यांनी एवढं मोठं वाक्य रागाने म्हटलं नव्हतं, आणि म्हणून झाल्यावर त्यांना पुढचं येईना. त्यांनी बायकोकडे पाहिलं, जसा नवखा नट विंगेकडे पाहतो.

दिग्दर्शक मधे आला. दोन्ही हात जोडले.

“मैडम, गलती हो गई. मुझे पता नहीं था, सच में. पर आप एक बार सोचिए. आपका चेहरा हर एपिसोड में है. हीरोइन से ज़्यादा बार दिखेंगी आप. मैंने दो सौ फोटो देखे, इस एक पर रुका. ऐसा चेहरा मिलता नहीं. रहने दीजिए ना.”

कमलिनीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. दोनशे फोटोंतून हाच. प्रत्येक भागात. अन्नपूर्णाबाई भिंतीवर कोपरं टेकवून पाहतील आणि त्यांना मान्य करावंच लागेल. क्षणभर कमलिनीबाईंचे खांदे सैल झाले. भय्याजीने ते ओळखलं आणि हसला.

“डायलॉग?” कमलिनीबाईंनी विचारलं.

“जी?”

“मेरा डायलॉग. एक. एक रखो. फ्लैशबैक में रखो, सपने में रखो. बेटा, खाना खा के जा. इतना.”

दिग्दर्शकाने चष्मा काढला, पुसला. “मैडम, फ्लैशबैक कट हो गए हैं. सब फोटो से ही… उसकी ख़ामोशी ही तो…”

“फोटो का डायलॉग!” भय्याजी पोट धरून म्हणाला. “आंटीजी, फोटो कभी बोलता है?”

दोन-चार जण हसले. हिरोही हसला, गालावरचं ग्लिसरीन तसंच.

कमलिनीबाई सोफ्यावर चढल्या. चपलांसकट. खांबाशी उभा म्हातारा ओरडला, “दाई, गिर जाबे ओ!” त्यांनी एका हाताने भिंत धरली, दुसऱ्याने चौकट उचलली आणि खिळ्यावरून काढली. हार काढायला गेल्या तर तो निघेना; कलाविभागाच्या पोरांनी डिंकाने पक्का बसवला होता.

“मैडम! छह सीन हो गए हैं इसके साथ!”

“मेलेलीचं तेरावं पण होते. उरका.”

“आंटीजी,” भय्याजी दारात आडवा झाला. आता तो हसत नव्हता. “ये फ्रेम लेकर निकलीं, तो समझ लीजिए. दुर्ग से रायपुर तक किसी के मोबाइल में आपका फोटो नहीं रहेगा. भीड़ में भी नहीं बैठेंगी आप.”

“भीड़ में तू बैठ,” कमलिनीबाई म्हणाल्या. “तुया फोटो काढून घे आधी. कारण तू मेल्यावर हारासाठी कोनी शोधाले जाणार नाई. हाताशी असू दे.” आणि चौकटीचा कोपरा पुढे करून त्या दारातून निघाल्या, तेव्हा त्याला बाजूला व्हावंच लागलं.

*

परतताना त्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या आणि चौकट मांडीवर उभी धरली होती, चेहरा बाहेर. दुसरीकडून धरली की डिंकाने ताठलेला हार टोचे. जी.ई. रोडच्या सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला. त्याने हार पाहिला, हेल्मेटच्या काचेवर हात नेला, मान झुकवली. मग वर पाहिलं. मग पुन्हा खाली.

“बहन थीं?” त्याने हलकेच विचारलं.

“सौत थी,” कमलिनीबाई म्हणाल्या. “निकाल के ला रही हूँ.”

सिग्नल सुटला तरी तो माणूस तिथेच होता. दयारामांचे खांदे हलत होते. रडतात की हसतात ते मागून कळत नव्हतं आणि कमलिनीबाईंनी विचारलं नाही.

“कोठी नेऊ?” दयारामांनी विचारलं. “घरी?”

“सुपेल्याले.”

*

अनुजाने चौकट पाहिली आणि आधी तिचंच डोकं फिरलं. “माझा फोटो? मला न विचारता? एवढा मोठा करून? आणि हार?”

“तुले फोटोची पडली. मायं मरण पाह्य ना.”

“मी काय केलं त्यात?”

“तूच केलं. तूच तं बसवून ठेवलं मले. बोलून घ्या, बोलून घ्या. सारं आतलं सांडून दिलं, अन् मंग उरली तिचा काढला फोटो. पाह्य. पाह्य तिच्याकडे. या बाईले कोनी बोलावन का बोलाले? हिच्यापाशी माणूस रडन, हिले अगरबत्ती लावन. हिले काही विचारणार नाई.”

“त्या दोनशे फोटोंत हाच निवडला ना त्याने?” अनुजाचा आवाज चढला. “चांगला आहे म्हणूनच निवडला. एका भोंदूने त्याचं काय केलं, तो माझा दोष?”

“चांगला आहे. इतला चांगला आहे का मायी गरजच नाई पडली त्याले. असा फोटो काय कामाचा वं? फोटो पाहून त्याले वाटलं पायजे, आता ही बाई बोलन, आता बोलन, काय बोलते पाहू तं खरं, बोलवा हिले. तू मले पूर्ण करून टाकलं. लटकवाले तयार.”

अनुजा चौकटीजवळ गेली. तिने तो चेहरा बराच वेळ पाहिला, गिऱ्हाइकाच्या नजरेने. पहिल्यांदा तिचं तोंड थोडं वाकडं झालं.

“बसा,” ती म्हणाली.

कमलिनीबाई स्टुलावर बसल्या. घामाने टिकली सरकली होती, केस स्कूटरच्या वाऱ्याने उडाले होते. अनुजाने ते नीट केले नाहीत. खिडकीवरचा अर्धा पडदा ओढला, कॅमेरा घेतला.

“आता गप्प बसा. तोंड मिटल्याशिवाय मी बटण दाबणार नाही.”

“मिटलेल्या तोंडालेच हार घालतेत.”

अनुजाने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. “आणि उघड्या तोंडाचा काढला, तर दात दिसतात आणि भांडखोर बाई दिसते. सासू. पुन्हा तीच सासू. मग काय करू मी?”

“तू पुण्याहून शिकून आली. मले काय विचारतं?”

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. रागच होता, दोन्हीकडून. खाली बाजारात कोणी मोबाइलची रिंगटोन लावून पाहत होतं, एकामागून एक.

“कोणाशी बोलायचंय तुम्हाला?” अनुजाने एकदम विचारलं.

“भय्याजीशी. बाकी होतं अजून. दारातून निघाली म्हणून राहून गेलं.”

“मग तो समोर आहे असं समजा.”

“समजाले कावून लागते? त्याले फोन लाव ना.”

अनुजा थबकली. मग तिने कमलिनीबाईंच्या पिशवीतून फोन काढला, नाव शोधलं, लावला, स्पीकर चालू करून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली टेबलावर ठेवला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. रिंग गेली. कमलिनीबाईंची मान थोडी वर आली. दुसरी रिंग गेली. पाठ सरळ झाली. दयाराम खुर्चीतून उठून दाराकडे सरकले.

“हेलो?” फोनमधून भय्याजीचा त्रासलेला आवाज आला. “कौन?”

कमलिनीबाईंचे ओठ किंचित सुटले. त्यांनी श्वास आत घेतला, योग्य जागी.

अनुजाने बटण दाबलं.